जुन्या फोर्ड गाडीचा स्टार्टर उतरवितांना

विजेच्या बळावर इंजिन फिरवून तें चालू करणारें जें यंत्र मोटारीस जोडलेलें असतें त्यास स्टार्टर म्हणतात, हें आतां शेतकरी बंधूंस सांगावयास नको; ज्याच्या दारीं ट्रॅक्टर आहे त्याच्या घरचें पोरही तें जाणतें. परंतु हें यंत्र इंजिनापासून उतरविण्याचा प्रसंग आला असतां कोणता पेंच आधीं सोडावा व कोणता मागाहून, ह्याचा विचार फार थोडे लोक करितात. नव्या यंत्रांत क्रम चुकला तर बिघडलेला भाग बाजारांतून आणतां येतो. जुन्या गाडीचें तसें नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं घडविलेला पोलादी दांडा एकदां वांकला म्हणजे तो तालुक्याच्या पेठेंत मिळत नाहीं. म्हणून ज्या गाडीनें जगांतील पुष्कळ शेतकऱ्यांस पहिल्यानें मोटार पाहावयास मिळाली, त्या फोर्ड कारखान्याच्या ‘टी’ नमुन्याच्या गाडीचें उदाहरण घेऊन हा विषय येथें मांडण्याचें योजिलें आहे.

ही गाडी अमेरिकेंतील डेट्रॉईट शहरीं १९०८ सालच्या ऑक्टोबरांत विक्रीस निघाली. १९२७ च्या मे महिन्यांत तिचें उत्पादन थांबलें, तोंपर्यंत दीड कोटि गाड्या तयार झाल्या होत्या. चार सिलिंडरांचें, सुमारें वीस घोड्यांच्या शक्तीचें तिचें इंजिन. तिकडील शेतकऱ्यांनीं तिचा उपयोग केवळ बाजारास जाण्यापुरता केला नाहीं. मागचें एक चाक जमिनीपासून उचलावें, त्याच्या जोरावर पट्टा फिरवावा आणि लांकडें कापण्याची करवत किंवा पाण्याचा पंप चालवावा, ही तेथील खेड्यांत नित्याची गोष्ट होती. तिच्यापासून ट्रॅक्टर बनविण्याचें सामानही तिकडे विकत मिळे. आपल्याकडे ह्या गाड्या कॅनडांतील कारखान्यांतून येत, आणि १९२६ सालीं त्याच कॅनडांतील फोर्ड कंपनीनें हिंदुस्थानांत शाखा काढून मुंबईस गाड्या जोडण्यास आरंभ केला. एखाद्या जुन्या बागाइतदाराच्या वाड्यांत अशी गाडी ताडपत्रीखालीं अद्याप उभी असेल, तर नातवास ती चालू करून पाहण्याची हौस कधीं तरी येतेच. हौस चांगली आहे. पण पाना हातांत घेण्यापूर्वीं पुढील मजकूर एकवार वाचावा.

पहिलीं दहा वर्षें ह्या गाडीस विजेचा स्टार्टर नव्हता. पुढच्या बाजूचें हॅण्डल हातानें फिरवावें लागे. विहिरीवरील डिझेल इंजिनाचें हॅण्डल ज्यानें मारलें आहे त्यास ह्यांतील श्रम ठाऊक आहेत. पेट्रोलच्या इंजिनांत श्रमाबरोबर धोकाही आहे. कारण ठिणगी वेळेपूर्वीं पडली तर इंजिन उलट उसळी घेतें आणि हॅण्डल मनगटावर येऊन बसतें. अशीं मनगटें त्या काळीं इतकीं मोडलीं कीं शस्त्रवैद्यांनीं मनगटाच्या एका अस्थिभंगास मोटार हांकणाऱ्याचेंच नांव दिलें.

ह्या दुखण्यावर उपाय शोधणारा चार्ल्स केटरिंग हा ओहायओ प्रांतांतील एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा जन्म १८७६ चा. त्यानें पूर्वीं दुकानांतील गल्ल्याचें यंत्र विजेवर चालविण्याची युक्ति काढली होती. तीं करतांना त्याच्या लक्षांत आलें कीं लहान विद्युत् मोटारीस जर थोडाच वेळ काम करावयाचें असेल तर तिच्याकडून तिच्या आकाराच्या मानानें पुष्कळच जोर काढतां येतो. बैल दिवसभर मोट ओढतो तो एका चालीनें. चिखलांत रुतलेली गाडी काढावयाची असली म्हणजे तोच क्षणभर दुप्पट जोर करतो, तसेंच हें. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर केटरिंगचा स्टार्टर प्रथम आला. फोर्डसाहेबांनीं स्वस्ताईच्या हिशेबापायीं १९१९ पर्यंत वाट पाहिली, आणि मग ‘टी’ गाडीसही सहा व्होल्टांचा स्टार्टर मिळाला. पुढचें हॅण्डल मात्र त्यांनीं काढून टाकलें नाहीं, हें शहाणपणाचें केलें. ह्या गाडीची ठिणगीची वीज फ्लायव्हीलवरील लोहचुंबकांच्या मॅग्नेटोंतून निघते. तेव्हां बॅटरी मेली तरी गाडी हातानें सुरू होते.

आतां यंत्राची रचना पाहूं. पुढील वर्णन अमेरिकेंतील, डाव्या बाजूस चक्र असलेल्या गाडीचें आहे. आपल्याकडील उजव्या चक्राच्या गाडींत पावड्यांची मांडणी निराळी असल्यामुळें हात घालण्याची वाट थोडी बदलेल, इतकेंच.

स्टार्टर इंजिनाच्या अंगास लागून, गिअरवरील बिडाच्या झांकणाच्या पुढच्या तोंडावर चार बोल्टांनीं बसविलेला असतो. त्याचा दांडा त्या झांकणांतून मागें जातो आणि फ्लायव्हीलच्या दांतेरी कड्याशेजारून पलीकडे निघतो. दांड्याच्या मागच्या टोंकावर जी लहानशी जुळणी चढविलेली असते तिला, ती काढणाऱ्याच्या नांवावरून, बेंडिक्स म्हणतात. रुंद मळसूत्र पाडलेली एक नळी, तिजवर फिरणारें लहान दांतेरी चाक, आणि धक्का सोसणारी एक जाड स्प्रिंग, एवढाच तिचा संसार. पायाखालचें बटण दाबलें कीं दांडा एकदम फिरूं लागतो. लहान चाकाच्या एका अंगास मुद्दाम वजन ठेवलेलें असतें. त्यामुळें तें दांड्याबरोबर लगेच फिरत नाहीं, तर मळसूत्रावरून सरकत जाऊन फ्लायव्हीलच्या दांत्यांत शिरतें आणि मग इंजिनास फिरवितें. इंजिन पेटलें म्हणजे फ्लायव्हील त्या चाकास दांड्याहून जलद पळवितें, तेव्हां तें त्याच मळसूत्रावरून आपोआप मागें येतें. ढकलावयास कोणी नको व सोडवावयास कोणी नको. इतकी सोपी आणि इतकी अक्कलहुशारीची वस्तु मोटारींत दुसरी नसेल असें मला वाटतें.

ह्यांतील दोन गोष्टी ध्यानीं धराव्या, कारण पुढील सगळी काळजी त्यांच्यापोटीं आहे. बेंडिक्सची जुळणी ही, ज्या भोंकांतून स्टार्टरचा दांडा आंत येतो त्या भोंकांतून निघण्याजोगी नाहीं. आणि दांड्याचें मागचें टोंक कोठेंच टेकलेलें नसून अधांतरीं असतें. तेव्हां बेंडिक्स तसाच ठेवून कोणी पुढचे चार बोल्ट सोडले व स्टार्टर पुढें ओढला, तर तो निघत नाहीं. पहार घातली तर दांडा वांकतो. वांकलेल्या दांड्यावरचें चाक कड्याच्या दांत्यांत सरळ बसत नाहीं, दांते खातें. आणि हें दांतेरी कडें बदलावयाचें म्हणजे सबंध इंजिन गाडींतून खालीं घ्यावें लागतें. अर्ध्या तासाची घाई अशी महिन्याच्या खोळंब्यावर जाते.

पण मुळांत स्टार्टर काढण्याची गरज आहे काय, हें आधीं ठरवावें. बटण दाबून कांहीं होत नसेल तर दोष पुष्कळदां बाहेरच असतो. कारखान्यानें गाडीवाल्यांसाठीं छापलेल्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेंत क्रम दिला आहे तो असा: स्टार्टरवरची तार, बॅटरीचीं दोन्ही टोंकें व पायबटणाचीं दोन्ही टोंकें घट्ट आहेत कीं नाहींत तें पाहावें, तारेवरचें वेष्टण कोठें फाटून ती लोखंडास लागली आहे काय तें पाहावें, आणि मग हायड्रोमीटरनें बॅटरींतील पाणी तपासावें. आंकडा १.२२५ च्या खालीं असेल तर दोष स्टार्टरचा नसून उपाशी बॅटरीचा समजावा. मी त्यास एक परीक्षा जोडतों. दिवे लावून बटण दाबावें. दिवे जसेच्या तसे राहिले तर वीज स्टार्टरपर्यंत पोंचतच नाहीं, किंवा आंतील कार्बन टेकत नाहींत. दिवे एकदम मंदावले आणि इंजिन मात्र जागचें हाललें नाहीं, तर बॅटरी अशक्त आहे, किंवा बेंडिक्सचें चाक कड्यांत अडकून बसलें आहे. अडकलें असल्यास ठिणगीची किल्ली बंद करावी, गाडी वरच्या गिअरमध्यें घालावी आणि दोघांनीं मिळून ती मागेंपुढें हलवावी. पुष्कळदां चाक सुटतें व पान्यास हात लावावा लागत नाहीं. स्टार्टर धड असूनही तो काढावा लागण्याचें एक कारण आहे: गिअरमधील पट्टे झिजले म्हणजे ते बदलण्यासाठीं तो वाटेंतून दूर करावा लागतो.

काढावयाचाच असें ठरल्यावर गाडी सपाट जागीं उभी करावी, चाकांस दगड लावावे, आणि गाडी उचलली असल्यास ती लांकडी ठोकळ्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीं डोकें घालूं नये. मग पहिलें काम बॅटरीचें. ह्या गाडींत बॅटरीचें ऋण टोंक चासीस जोडलेलें असतें; तीच तार आधीं सोडावी. धन टोंकावर पाना चालू असतां तो चासीस टेकला तर मोठी ठिणगी उडते, पाना तापतो, आणि बॅटरींतून निघणारा वायु पेट घेणारा असल्यामुळें तोंडावर तेजाब उडण्याचें भय असतें. ऋण तार आधीं सुटली म्हणजे मग पाना कोठेंही लागो.

नंतर इंजिन व चासी ह्यांमधील डाव्या अंगाचा पत्रा काढावा. नवखा माणूस हा पत्रा राहूं देतो, आणि स्टार्टर मोकळा झाल्यावर तो बाहेर कोठून घ्यावा ह्या विवंचनेंत पडतो. त्याची वाट वरून नाहीं, खालून आहे. पायाखालच्या फळ्याही उचलाव्या. त्यांच्याखालीं गिअरच्या झांकणाच्या मागच्या अंगास एक वाटीसारखें पत्र्याचें टोपण चार लहान स्क्रूंनीं बसविलेलें दिसेल. त्याच्या आंत बेंडिक्स आहे. टोपणाभोंवतींची घाण रॉकेलच्या फडक्यानें आधीं पुसून घ्यावी, कारण तें उघडल्यावर आंत पडलेली प्रत्येक वस्तु तेलांत, फ्लायव्हीलच्या शेजारीं जाते. तेथें तारेच्या स्थिर वेटोळ्यांसमोर थोड्याशाच अंतरानें चुंबक फिरत असतात. एखादा हरवलेला स्क्रू त्या फटींत सांपडला तर वेटोळ्यांचा नाश ठरलेला. सबब प्रत्येक सुटा भाग निघतांच ताटांत ठेवावा, आणि शेवटीं मोजून ताळा जमवावा. आमच्या खात्यांत जुना बस्ता सोडण्यापूर्वीं प्रत्येक कागदावर अनुक्रमांक घालीत. मग तो परत कसा बांधावा ह्याची चिंता उरत नसे. मीं चार बोल्टांस चार चिठ्ठ्या बांधलेल्या पाहून मिस्त्री लोक हंसतात. हंसोत.

टोपण व त्याखालचें पॅकिंग निघालें कीं बेंडिक्स हातानें फिरवून, दांड्याच्या टोंकाकडील स्क्रू वर येईल असा धरावा. हा स्क्रू सर्व कामाचें मर्म आहे. त्याच्या डोक्याखालीं एक वायसर असतो, त्यास समोरासमोर दोन जिभा असतात. एक जीभ खालच्या कड्यावर मुडपलेली व दुसरी स्क्रूच्या डोक्यास टेकवून उभी केलेली असते, अशासाठीं कीं इंजिनाच्या हादऱ्यानें स्क्रू सैल होऊं नये. स्क्रूकडील जीभ छिन्नीच्या टोंकानें हलकेच मागें वळवावी, आणि मगच स्क्रू फिरवावा. जीभ तशीच ठेवून पान्यावर जोर केल्यास स्क्रूचें डोकें गोल होतें किंवा तुटतें, आणि तुटलेला स्क्रू काढणें हें जुन्या लोखंडांत फार कष्टाचें काम आहे. वळविलेला वायसर पुन्हां वापरूं नये, असें पुस्तिकेंतही बजावलें आहे. एकदां मुडपलेली जीभ पुन्हां मुडपली म्हणजे ती तुटण्याच्या बेतास येते, आणि तुटली तर ती कोठें पडेल तें वर सांगितलेंच आहे.

स्क्रू निघाल्यावर बेंडिक्स मागच्या मागें सरळ ओढून घ्यावा. गंजानें धरला असेल तर तेल सोडून रात्रभर वाट पाहावी. हातोडी मारूं नये. तो बाहेर येतांना दुसरा हात खालीं धरलेला असावा, कारण दांडा व बेंडिक्स ह्यांच्यामध्यें खांचेंत एक बारीक पोलादी चावी बसविलेली असते. दांड्याची फिरकी बेंडिक्सला पोंचते ती हिच्याच योगानें. ती तेलानें चिकटून राहते किंवा निसटून पडते. दोहोंपैकीं काय होईल तें आधीं कळत नाहीं. ती हातीं आल्याशिवाय पुढचें काम करूं नये.

आतां स्टार्टरवरील मोठी तार सोडावी व चारही बोल्ट काढावे. शेवटचा बोल्ट सुटण्याच्या सुमारास खालून एका हाताचा आधार द्यावा, कारण यंत्र चांगलेंच जड आहे व त्याचा भार मोकळ्या दांड्यावर येतां कामा नये. मग तो पुढें सरळ रेषेंत ओढावा, दांडा भोंकांतून पुरता बाहेर येईपर्यंत तिरपा करूं नये, आणि चासीच्या मधून खालीं घ्यावा. बेंडिक्स निघालेला असेल तर येथें जोर लागत नाहीं. जोर लागला तर थांबावें. कोठें तरी कांहीं राहिलें आहे.

उतरलेल्या स्टार्टरमध्यें बहुधा दोनच गोष्टी सांपडतात, तेल आणि काजळी. गिअरमधील तेल दांड्यावरून आंत शिरतें व कार्बनच्या भुकटीशीं कालवून राड होते. ती कोरड्या फडक्यानें, मग पेट्रोलनें किंचित् ओल्या केलेल्या फडक्यानें पुसावी. सबंध यंत्र पेट्रोलमध्यें बुडविण्याची जी कांहीं लोकांची रीत आहे ती मला पसंत नाहीं. तारांवरचें जुनें वेष्टण त्यानें गळून येतें. कार्बन आपल्या घरांत सहज सरकतात काय व त्यांच्या स्प्रिंगांत दम आहे काय तें पाहावें. दांडा दोन्ही टोंकांशीं वरखालीं हलत असेल तर बुश झिजले आहेत. ते कोणताही चांगला खरादी करून देतो. बेंडिक्स मात्र रॉकेलनें स्वच्छ धुवावा आणि त्याचें चाक मळसूत्रावर आपल्या वजनानें सरकतें कीं नाहीं तें उभें धरून पाहावें. ज्या जुन्या ट्रॅक्टरांत हीच बेंडिक्सची रचना बाहेर, कोरड्या जागीं आहे, तेथें मळसूत्रास ग्रीस अगर जाड तेल लावूं नये. त्यावर धूळ बसून चाक सरकेनासें होतें, आणि मालक समजतो कीं स्टार्टर जळाला. अलीकडच्या ट्रॅक्टरांत चाक ढकलण्यास सोलेनॉइड असतो. त्यांचा प्रकार वेगळा.

जोडण्यापूर्वीं स्टार्टर शेगड्यांत पक्का आवळून, सहा व्होल्टांच्या बॅटरीवर क्षणभर फिरवून पाहावा. क्षणभर म्हणण्याचें कारण, ह्या जातीची मोटर भाराशिवाय चालू ठेवली तर तिचा वेग वाढतच जातो. येथें एका नव्या खोडीचा उल्लेख करणें जरूर आहे. आज बाजारांत मोटारीची बॅटरी बहुधा १२ व्होल्टांची मिळते, म्हणून तीच जुन्या गाडीस जोडण्याचा सल्ला मिस्त्री देतात. इंजिन झटक्यांत फिरतें हें खरें. परंतु बेंडिक्सचें चाक दुप्पट आवेशानें कड्यावर आदळतें, स्प्रिंगा व त्यांचे स्क्रू तुटतात आणि कड्याचे दांते उडतात. मिस्त्र्याचें काय जातें?

परत बसवितांना सर्व उलट क्रमानें करावयाचें. स्टार्टरवरील तारेचें टोंक वरच्या बाजूस येईल असा तो धरावा. चार बोल्ट आळीपाळीनें थोडेथोडे आवळावे. मग चावी खांचेंत बसवून तिजवर बेंडिक्स सरकवावा, नव्या वायसरसह स्क्रू घालावा, त्याचें टोंक दांड्याच्या भोंकांत बरोबर उतरलें कीं नाहीं हें हातानें ताडून पाहावें, आणि दोन्ही जिभा मुडपाव्या. टोपणाखालीं नवें पॅकिंग घालावें, नाहीं तर तेल गळत राहील. बॅटरीची ऋण तार सर्वांत शेवटीं.

स्टार्टर दुरुस्तीस दूर पाठविला असेल व दरम्यान गाडी चालवावयाची असेल, तर दोन्ही भोंकांवर पत्र्याचीं झांकणें घट्ट बसवावीं. उघडीं ठेविल्यास गिअरचें तेल बाहेर येतें व धूळ आंत जाते. त्याबरोबर बॅटरीही काढली असेल तर डायनामोचें टोंक तसेंच मोकळें ठेवून इंजिन चालवूं नये. त्यास एक तार जोडून ती इंजिनाच्या लोखंडास लावावी, म्हणजे तो जळत नाहीं. हा बारकावा पुष्कळांस ठाऊक नसतो आणि स्टार्टरच्या दुरुस्तींत डायनामोचा खर्च वाढतो.

अशा वेळीं गाडी हॅण्डलनेंच सुरू करावी लागेल. ठिणगीची दांडी आधीं पूर्ण वर, म्हणजे उशिराच्या बाजूस, करावी. हातब्रेक पूर्ण मागें ओढलेला असावा, कारण तो पुढें राहिला तर गाडी वरच्या गिअरमध्यें असते व इंजिन पेटतांच माणसाच्या अंगावर येते. थंडींत तेल घट्ट झालेलें असतां ब्रेक ओढूनही ती थोडी पुढें सरकते, म्हणून चाकांस दगड लावलेलेच राहूं द्यावे. हॅण्डल डाव्या हातानें धरावें, अंगठा चार बोटांच्याच बाजूस ठेवावा, आणि खालून वर ओढावें. वरून खालीं दाबूं नये.